तलावाची अर्धी प्रदक्षिणा

वैशाखात रानात जाऊ नये, असे सांगणारी वडीलधारी माणसे प्रत्येक घरात असतात. आणि मुलांच्या शाळांना सुटी मात्र नेमकी वैशाखातच लागते. इंदूर, जबलपूर, रायपूर, भिलाई अशा ठिकाणांहून भाचे-पुतणे गावी उतरले, की दोन दिवस आंबे खाण्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी ‘तलावावर केव्हा जायचे?’ हा प्रश्न निघतो. आमच्या बालाघाट जिल्ह्यात हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. कारण येथे रान आणि तलाव ही दोन्ही घरापासून फारशी लांब नसतात. उन्हाळ्यात या तलावांभोवतीच्या पायवाटांची स्थिती काय असते, त्यांवरून केव्हा आणि कुठवर जावे, याविषयी आम्ही पाहुण्यांना दर वर्षी तोंडी जे सांगत आलो, ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे मनात आले. परदेशांत म्हणे रानवाटेच्या तोंडाशी फलक असतो आणि वाट कोरडी आहे की निसरडी, खुली आहे की बंद, हे त्यावर रोज लिहिले जाते. आमच्याकडे हे काम गुरे चारणारा गायकी करतो. त्याला विचारल्यावाचून रानात पाऊल टाकू नये, हा पहिला नियम.

ज्यांनी तिरोडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावर तुमसर रोड हे जंक्शन लागते. तेथून एक फाटा गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग असा जात राज्याची हद्द ओलांडून तिरोडीस येतो. हा फाटा टाकला गेला तो मँगनीजसाठी; माणसांची सोय त्यात ओघाने झाली. खाण विसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे इंग्रज कंपनीच्या अमदानीतील. १९६२ साली स्थापन झालेल्या आणि आता ‘मॉइल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडे ती आज आहे. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बनला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा एकीकडे व बालाघाट दुसरीकडे गेले. त्यामुळे आमच्यापैकी पुष्कळांचे मामाचे गाव एका राज्यात आणि काकाचे दुसऱ्या राज्यात आहे. तलावांना मात्र ही हद्द ठाऊक नाही. वैनगंगेच्या दोन्ही बाजूंस त्यांची घडण एकच आहे.

ही घडण समजून घेतली की वाटेचे अर्धे कोडे सुटते. डोंगरांच्या कुशीत तीन बाजूंनी उतार असलेली जागा हेरायची, चौथ्या बाजूस मातीचा बांध घालायचा, आणि अडलेले पावसाळी पाणी खालच्या धानाच्या बांध्यांना पुरवायचे, अशी ही जुनी रीत. भंडारा भागात कोहळी समाजाने ती कळसास नेली. इतर मालगुजारांनीही आपापल्या गावी तलाव बांधले. बांधाला आम्ही ‘पार’ म्हणतो. पाणी सोडण्याची मोरी ते ‘तुडूम’, आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी पारीच्या एका टोकाला ठेवलेली उतरती वाट तो ‘सांडवा’. लहान तलाव म्हणजे ‘बोडी’. तात्पर्य, तलावाची एक बाजू माणसाची असते आणि तीन बाजू रानाच्या. पारीच्या खाली शेते व गाव. पाण्यापलीकडे साग, ऐन, तेंदू आणि बांबू.

आता वैशाखात काय होते ते पाहा. तळ पारीकडे उतरता असल्यामुळे उरलेले पाणी पारीच्या पायथ्याशी गोळा होते, आणि रानाकडील उथळ भाग आधी उघडा पडतो. जानेवारीत जेथे बदके पोहत होती तेथे एप्रिलअखेर हिरवे गवत, त्यापलीकडे भेगाळलेली काळी माती, आणि पाण्यालगत चिखलाचा एक करडा पट्टा असे तीन थर दिसतात. पाहुण्यांना मोह होतो तो या उघड्या पडलेल्या तळावरून सरळ पलीकडे जाण्याचा. वाट जवळची दिसते आणि जमीन वाळलेली वाटते. येथेच पहिली फसगत आहे. वरची साय वाळून कडक होते, तिच्याखालचा गाळ महिनाभर ओला राहतो. मोठ्या माणसाचा पाय पोटरीपर्यंत जातो, लहान मुलाचा गुडघ्यापर्यंत. म्हशीचे पाऊल उमटून वाळलेले दिसले तर तेथवर जमीन धरते असे समजावे. पाऊल खोल आणि काठ ओला असेल तर मागे फिरावे. गायकी मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

पायाखाली आणखी एका गोष्टीकडे लक्ष असावे. टिटवी आपली अंडी याच दिवसांत उघड्या जमिनीवर घालते. घरटे असे नसतेच. चार खडे बाजूस सारून केलेला खळगा, आणि त्यात मातीच्याच रंगाची, काळसर ठिपक्यांची अंडी. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली म्हणजे ती आपल्याला शुभाशुभ सांगत नसून ‘पाय जपून टाका’ एवढेच सांगत असते. तिने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असा लोकांचा आडाखा आहे. तो पाहण्याच्या नादात अंडी तुडवू नयेत.

बाजूच्या रानवाटा वेगळ्याच कारणाने कठीण असतात. सागाचे पान गळून गेलेले असते. नकाशावर जे घनदाट रान दिसते ते मे महिन्यात छपराविना उभ्या असलेल्या खांबांसारखे असते. सावली अशी नाहीच. खाली पडलेली पाने पापडासारखी वाळून घोट्यापर्यंत साचतात. उतारावर त्यांवरून पाय घसरतो, आणि त्यांच्याखाली दगड आहे की फुरसे आहे हे कळत नाही. काठीने पाला सारीत चालणे हाच उपाय. शिवाय कुसळी गवत आणि त्यात टपून बसलेले गोचीड. पायजम्याचे पाय मोज्यांत खोचले तर बरीच पीडा वाचते. आमच्या भागाचे म्हणून एक वैशिष्ट्य सांगतो. येथील पायाभूत खडकाला भूशास्त्रज्ञांनी ‘तिरोडी नाइस’ हे नाव दिले आहे, आणि मँगनीजयुक्त एका खनिजाला १९३८ साली ‘तिरोडाइट’ असे नाव मिळाले होते, ते पुढे नव्या नामावलीत मागे पडले. गावाच्या नावाची ही कीर्ती ऐकून मुले हरखतात. पण वाटेवर पसरलेले काळे दगड उन्हात तव्यासारखे तापतात, आणि पातळ चपला घालून आलेल्यास ही कीर्ती तळपायाला समजते.

सावली शोधायची तर ती पारीवर. जुन्या लोकांनी पारीवर आंबा, जांभूळ, करंज, अर्जुन राखले ते माती धरून राहावी म्हणून. आज ती झाडे चालणाऱ्याचे छत्र झाली आहेत. मोहाला फुले संपल्यावर तांबूस कोवळी पालवी फुटते, तीही मे महिन्यात बरी सावली देते. पारीची वाट मुरमाची, घट्ट आणि मोकळी. लांबवर दिसते, वाराही लागतो. थोडक्यात, उन्हाळ्यात या तलावांभोवती खरोखर चालण्याजोगी वाट एकच, आणि ती गावाच्या बाजूची.

यावर तरुण मंडळी नाराज होतात. पूर्ण फेरी घातल्यावाचून तलाव पाहिला असे त्यांना वाटत नाही. त्यांच्यासाठी ऊन आणि वेळ यांचा हिशोब मांडावा लागतो.

मे महिन्याच्या मध्यावर तिरोडीस सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातला मावळतो. दुपारचे तापमान ४२ अंशांच्या वर जाणे ही येथे बातमी नव्हे. शेजारच्या नागपुरास २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागले की नऊ दिवसांचा ‘नवतपा’ सुरू होतो, तेव्हा सकाळी नऊलाच झळा लागू लागतात. अशा हवेत चालताना माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि हवा कोरडी असल्यामुळे तो गेलेला कळतही नाही. डोके दुखणे, मळमळणे, पोटऱ्यांत वांब येणे ही पहिली चिन्हे; बोलणे असंबद्ध होऊ लागले, भान हरपू लागले, तर तो उष्माघात समजून माणसास सावलीत आडवे करून अंग ओले करावे, वारा घालावा आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. माणशी दोन-तीन लिटर पाणी बरोबर हवेच. तलावाचे पाणी पिऊ नये, कारण मे महिन्यात ते गुरांचे, रानजनावरांचे व शेवाळाचे मिळून झालेले असते. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, नाही तर औषधाच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनी यांपैकी काहीतरी न्यावे. खिशात कांदा ठेवण्याची आमच्याकडे मोठी श्रद्धा आहे. कांदा भाकरीबरोबर खाण्यास उत्तम. ऊन अडवायला मात्र डोक्यावर ओला दुपट्टाच लागतो.

तेव्हा माणसाला चालण्याजोगे तास उरले ते पहाटेचे आणि सांजेचे. पेच येथेच पडतो. कारण रानाचेही तास तेच. चितळ, सांबर, रानडुक्कर, अस्वल, बिबट्या आणि वाघसुद्धा दिवसभर ओहोळाच्या गारव्यात पडून राहतात व उजाडण्याच्या आणि मावळण्याच्या संधीला पाण्यावर येतात. पावसाळ्यात पाणी सर्वत्र असते, हिवाळ्यातही दहा ठिकाणी असते. वैशाखात कोसभराच्या टापूत एखादेच उरते. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते लोकांना पाणवठ्यालगतच्या मचाणांवर बसवून प्राणी मोजू देते, ते याच कारणाने. त्या दिवसांत सारे रान पाण्याशी येते. अशा वेळी आपण पाच-सात माणसे हसत-बोलत पलीकडच्या काठाने फिरू लागलो, तर जनावर झाडीत थबकून उभे राहते. आपण निघून जाईपर्यंत ऊन चढते, आणि ते तसेच तहानेले परत फिरते. आपल्याला ते दिसतही नाही. ‘आम्ही काही छेडछाड केली नाही’, असे आपण प्रामाणिकपणे सांगतो, आणि ते खरेही असते!

उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूची पिकलेली फळे ही अस्वलाची मेजवानी. अस्वल खाण्यात गुंगले किंवा झोपले असले म्हणजे त्याला माणसाची चाहूल लागत नाही, आणि अचानक समोर आलेल्यावर ते धावून जाते. म्हणून या दिवसांत रानातून मुक्याने चालणे हा शहाणपणा नव्हे. याच महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. भल्या पहाटे बाया-माणसे रानात जातात, दुपारी घरी बसून ५० पानांची एक अशा गड्ड्या बांधतात आणि संध्याकाळी फडावर नेऊन मोजून देतात. १००० गड्ड्यांचे एक मानक पोते. या उत्पन्नावर अनेक घरांचे बियाणे-खत निघते, म्हणून ती माणसे धोका पत्करून जातात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात पाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ज्यांना पोटासाठी जावे लागते त्यांची गोष्ट वेगळी. सुटीची हौस म्हणून त्याच वेळी त्याच झाडीत शिरणे आम्हाला तरी योग्य वाटत नाही.

यातून तोड काय? आम्हाला ती शंकराच्या देवळात सापडली. महादेवाची प्रदक्षिणा पूर्ण घालीत नाहीत, हे वाचकांना ठाऊक आहेच. अभिषेकाचे पाणी जेथून बाहेर पडते ती सोमसूत्राची रेषा ओलांडायची नाही. तेथवर जायचे आणि आल्या वाटेने परतायचे. तलावाचे सोमसूत्र म्हणजे त्याचा सांडवा. गावाकडून पारीवर चढावे, आंब्या-जांभळांच्या सावलीतून पारीच्या टोकापर्यंत जावे, सांडव्याच्या दगडांवर बसून पलीकडचे रान पाहावे आणि मागे फिरावे. पलीकडचा काठ मृग लागेपर्यंत ज्यांचा त्यांना असू द्यावा. निघायचे ते सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासाने, म्हणजे सहाच्या सुमारास, आणि नऊच्या आत घरी. संध्याकाळी जायचे तर सूर्य मावळण्यापूर्वी पारीवरून उतरायचे. दुर्बीण असेल तर पलीकडच्या काठावर येणारे जनावर पारीवरून अधिक चांगले दिसते. जवळ गेल्यास ते दिसतच नाही. ज्या तलावावर आम्ही पाहुण्यांना नेतो त्याचे नाव येथे दिलेले नाही, ते मुद्दामच.

पाहुण्यांना आणखी दोन गोष्टी बजावून सांगतो. पहिली विस्तवाची. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची आणि तेंदूला नवी पालवी यावी म्हणून रान जाळण्याची वाईट चाल आहे; तिच्यापायी दर उन्हाळ्यात रान जळते. मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतात. हल्ली उपग्रहावरून आग टिपली जाऊन वनरक्षकाच्या मोबाइलवर सूचना येते. तरी झाडाच्या डहाळीने आग झोडपण्यासाठी त्याला पायीच जावे लागते. अशा रानात चहासाठी तीन दगडांची चूल मांडणे वा विडी टाकणे हा १९२७ च्या वनकायद्याखाली गुन्हा तर आहेच, पण वाऱ्याच्या दिवसांत ते आत्मघातकीही आहे. चहा थर्मासमधून न्यावा. दुसरी गोष्ट आग्या मोहोळाची. या माश्या उन्हाळ्यात पाण्यावर येतात. धूर आणि उग्र सुगंध यांनी त्या चवताळतात. सहलीस जाताना अत्तरे व सुगंधी तेले घरी ठेवली तर बिघडत नाही. राखीव वनाच्या हद्दीत जायचे असल्यास परिक्षेत्र कार्यालयात विचारून जावे, हे वेगळे सांगणे न लगे.

ज्यांना एवढ्याशा फिरण्याने समाधान होत नाही, त्यांनी एकदा नवेगाव बांध पाहावा. गोंदियाहून नागभीडकडे जाणाऱ्या गाडीने देवलगाव स्थानकावर उतरले की तलाव जवळच आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. लोकांनी पुढे त्यांनाच कोलासूर देव म्हणून पुजले, आणि सभोवारच्या टेकड्यांना सात बहिणी म्हटले. जवळपास अकरा चौरस किलोमीटरचे पाणी, त्यामुळे वैशाखातही डोळे निवतात. वनाधिकारी म्हणून तेथे राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी या तलावाचे पक्षी, मासे आणि तेथील माणसे मराठी वाचकांच्या घरोघरी पोचविली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते निवर्तले. १९७५ पासून तेथे राष्ट्रीय उद्यान आहे व २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. तेव्हा तेथेही पायी कुठवर जायचे ते वनखाते ठरविते. आमचा सोमसूत्राचा नियम तेथे सरकारनेच लावला आहे म्हणा ना.

एक खंत मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. पारीवरची जी वाट आम्ही एवढी वाखाणली, तीच अनेक ठिकाणी खचत आहे. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पूर्वी दर उन्हाळ्यात गावकरी कोरड्या तळातील गाळ काढून शेतात टाकीत व पारीची डागडुजी करीत. धनी बदलल्यावर ते हळूहळू थांबले. गाळ साचला तसा तलाव उथळ झाला, आणि पूर्वी जेठापर्यंत टिकणारे पाणी चैतातच आटू लागले. कडेने बेशरमाची झुडपे माजली, त्यांत वाट हरवली. भंडारा-गोंदिया भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांना हाताशी धरून काही तलावांतील बेशरम उपटली आणि मासे व पक्षी यांना उपयोगी पडणाऱ्या मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. हे काम उन्हाळ्यातच, तळ उघडा असतानाच करता येते. गावी आलेल्या तरुणांना पलीकडचा काठ गाठण्याची फारच हौस असेल, तर आम्ही त्यांच्या हाती कुदळ देऊन पारीची एखादी घळ बुजवायला सांगतो. दोन सकाळी पुरतात, आणि तिसऱ्या सकाळी कोणी पूर्ण फेरीचे नाव काढीत नाही.

जूनच्या मध्यास मृगाच्या सरी येतात. तळाच्या भेगा मिटतात, वाळलेल्या मातीचे लोण्यासारखे राड होते, आणि टिटवीची पिले तोवर पळती झालेली असतात. लाल मखमली मृगाचे किडे पारीवर दिसू लागतात. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत कान्हा व पेंच येथील राष्ट्रीय उद्याने बंद असतात. आमचे लहान तलाव बंद करण्यास कोणी येत नाही, ते काम पाऊसच करतो. आधी पलीकडची वाट पाण्याखाली जाते, मग बाजूच्या वाटा गवतात बुडतात, आणि एखाद्या वर्षी श्रावणात सांडवा वाहू लागला म्हणजे पारीवरूनही पुढे जाता येत नाही. त्या वेळी मुले आपापल्या शहरांत शाळेला गेलेली असतात; सांडवा वाहिल्याचे त्यांना पत्राने कळवावे लागे, हल्ली फोनवर त्याचा आवाज ऐकविता येतो.